आदिलाबादची गोंडी : कंठ, पोथी आणि पाठशाळा

एखादे राज्य लयास गेले म्हणजे त्याचे वर्ष इतिहासकार नोंदवून ठेवतात. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले, हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, असे आपण निश्चितपणे सांगू शकतो. भाषेच्या बाबतीत अशी नोंद करता येत नाही. आजी नातवाशी एका भाषेत बोलते, नातू दुसऱ्या भाषेत उत्तर देतो, आजीला ते उत्तर समजते, आणि म्हणून घरात कोणाचेच काही अडत नाही. असे दोन पिढ्या चालले म्हणजे पहिली भाषा त्या घरातून निघून गेलेली असते. पण ती कोणत्या दिवशी गेली हे घरातल्या कोणालाही सांगता यावयाचे नाही. भाषेचे जाणे इतके निमूट असते, म्हणूनच ती कशाच्या आधारावर टिकते हा प्रश्न ती असतानाच विचारावा लागतो.

श्रोतेहो, आजच्या भाषणात हा प्रश्न मी आपल्या अगदी शेजारच्या एका भाषेविषयी विचारणार आहे. ती भाषा म्हणजे गोंडी. गोंड समाजाची संख्या एक कोटीहून अधिक आहे. परंतु २०११ च्या जनगणनेत गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदविणारे लोक २९ लाख ८४ हजारांच्या आसपास भरले. म्हणजे दर तिघा गोंडांत एकाचीही मातृभाषा आता गोंडी राहिलेली नाही. उरलेल्यांच्या घरी हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू किंवा आपली मराठी बोलली जाते. ज्या प्रदेशात गोंडी अद्याप घराघरांतून ऐकू येते आणि जिच्या जतनाचे बहुतेक सर्व प्रकार ज्या प्रदेशात होऊन गेले, तो प्रदेश आदिलाबादचा. म्हणून तेथला इतिहास आपण पाहू.

जुना आदिलाबाद जिल्हा उत्तरेस पैनगंगा, पूर्वेस वर्धा व प्राणहिता आणि दक्षिणेस गोदावरी ह्या नद्यांच्या मध्ये वसलेला होता. मधोमध उटनूर व आसिफाबादचा डोंगराळ मुलूख. ह्या मुलखाच्या काही भागावर एके काळी चांद्याच्या गोंड राजांचा अंमल होता. पुढे तो निजामाच्या राज्यात गेला. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची विभागणी झाली तेव्हा जिल्ह्याचा मोठा भाग आंध्र प्रदेशात राहिला, तर किनवट व राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात आले. आज किनवट नांदेड जिल्ह्यात आणि राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि २०१६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे करण्यात आले. त्यांपैकी एकाचे नाव कुमुरम भीम आसिफाबाद असे आहे. सीमा अशा वरचेवर बदलल्या, परंतु सीमेच्या दोन्ही बाजूंस गोंड, कोलाम, परधान व तोटी ह्या जमातींची गावे होती तशीच राहिली.

गोंडी लोक स्वतःला कोइतूर म्हणवितात. त्यांची भाषा द्राविड कुळातली आहे. मराठीशी तिचा शेजार शेकडो वर्षांचा असला, तरी तिचे रक्ताचे नाते तेलुगूशी आहे. उंदी, रंड, मूंड, नालुंग असे आकडे कानांवर पडले म्हणजे ज्याला थोडीशी तेलुगू येते त्याला हे नाते तत्काळ ओळखू येते. ह्या आकड्यांचे एक वैशिष्ट्य असे की, ते केवळ मोजदादीपुरते राहिलेले नाहीत. आदिलाबादच्या गोंडांची सगळी कुळे चार सगांत विभागलेली आहेत : येरवेन सगा, सरवेन सगा, सिवेन सगा आणि नलवेन सगा, म्हणजे सात, सहा, पाच आणि चार बंधूंचे वंश. एका सगातील मुलामुलीचा विवाह होत नाही. कोणाची सोयरीक कोठे जुळावी, कोणत्या देवापुढे कोणी बसावे, मृताच्या क्रियाकर्मात कोणी कोणते काम करावे, हे सर्व ह्या आकड्यांवर ठरते. भाषा आणि समाजरचना अशी एकमेकींत विणलेली असल्यामुळेच तिचा प्रश्न केवळ शब्दकोशाचा प्रश्न नाही.

हे सारे नियम शेकडो वर्षे लेखनाच्या आधारावाचून टिकले कसे? त्याचे उत्तर परधान ह्या जमातीत सापडते. परधान हे गोंडांचे भाट. प्रत्येक परधान घराणे एका विशिष्ट गोंड कुळाशी वंशपरंपरेने बांधलेले असे. कुळाच्या पेनची, म्हणजे देवतेची, पूजा असो किंवा मृताचा विधी असो, परधानाने यावे, किंगरी ह्या तंतुवाद्याच्या साथीवर त्या कुळाची कथा सांगावी, आणि गोंड यजमानाने त्याला धान्य, वस्त्र, जनावर असे आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावे, असा हा संबंध होता. आदिदेवांना गुहेत कोंडले गेले, जंगूबाईने त्यांचा सांभाळ केला, पहांदी कुपार लिंगोने त्यांची सुटका केली आणि त्यांना चार सगांत वाटून दिले, ही गोंडांची मूळकथा परधानांच्या मुखातूनच पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिचे पहिले मोठे लेखन नागपुरात झाले. स्टीफन हिस्लॉप ह्या मिशनऱ्याने एका परधानाच्या तोंडून लिंगोची कथा गोंडीत उतरून घेतली होती. हिस्लॉप १८६३ मध्ये पुरात बुडून मरण पावले. त्यानंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे छापून प्रसिद्ध केली.

आता ह्या परंपरेतील जी गोष्ट मराठी माणसाने मुद्दाम ध्यानात ठेवावी ती सांगतो. आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा मराठी आहे. घरात ते बायकामुलांशी मराठीत बोलतात. परंतु यजमानाच्या अंगणात किंगरी हाती घेतली म्हणजे गोंडीत, आणि तीही जुन्या वळणाच्या गोंडीत, कथा सांगतात. मातृभाषा एक आणि वारसा दुसऱ्याच भाषेचा, असा हा प्रकार आहे. ज्या भाषेत आपण स्वप्ने पाहत नाही ती भाषा परधानाने इतक्या शुद्धतेने का सांभाळली? तिच्याविषयी त्याला आदर होता हे खरेच. परंतु तिच्यावर त्याचे पोटही होते. कथेत चूक झाली, एखाद्या पूर्वजाचे नाव राहिले, तर ऐकणारे वृद्ध ते तत्काळ दाखवून देत. चांगल्या परधानाला मान मिळे, त्याच्या मुलालाही यजमान मिळत, आणि म्हणून बाप मुलाला लहानपणापासून बरोबर नेई. जाणता श्रोता, देणारा यजमान आणि शिकणारा मुलगा, ह्या तिघांच्या आधारावर गोंडीचे हे मौखिक वाङ्मय उभे होते.

ह्यांपैकी यजमानाचा आधार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डळमळीत झाला. निजामाच्या सरकारने जंगले राखीव केली. काजीपेठ-बल्लारशा हा लोहमार्ग १९२९ मध्ये पुरा झाला. रस्ते व लोहमार्ग आले तसे बाहेरचे शेतकरी, सावकार व कंत्राटदारही आले आणि लेखी पट्टा नसलेला गोंड आपल्याच शिवारात परका ठरू लागला. आसिफाबाद भागातील कुमरम भीम यांनी ह्याविरुद्ध शस्त्र उचलले. १९४० मध्ये जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते धारातीर्थी पडले. जल, जंगल आणि जमीन ही त्यांच्या नावाशी जोडली गेलेली घोषणा आज सर्वत्र ऐकू येते. तीत भाषेचा उल्लेख नाही. परंतु जमीन गेलेल्या गोंडाला पेनची पूजा थाटाने करता येत नाही, आणि पूजा झाली नाही तर परधानाला बोलावणे जात नाही. जमिनीचा आणि भाषेचा संबंध असा सरळ आहे.

जोडेघाटच्या ह्या प्रकरणानंतर निजाम सरकारला आदिवासींच्या स्थितीचा तपास करणे भाग पडले. त्या कामी जो माणूस लाभला तो योगायोगानेच हैदराबादेत अडकलेला होता. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांच्यापाशी जर्मन पारपत्र असल्यामुळे ब्रिटिशांच्या दृष्टीने ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना हैदराबाद संस्थानात राहण्याचे बंधन आले. ह्या बंधनाचा त्यांनी असा उपयोग केला की, त्यांचे नाव आज आदिलाबादच्या खेड्यापाड्यांत घेतले जाते. पत्नी बेट्टी यांच्यासह ते मार्लवाई ह्या गोंड गावात राहिले, गोंडी शिकले, आणि परधानांच्या मुखातून मिळालेल्या पुराणकथा व विधी यांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांच्याही समाध्या आज मार्लवाईत आहेत.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने ह्या ग्रंथाइतकेच महत्त्व मार्लवाईच्या पाठशाळेला आहे. १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. हायमेनडॉर्फ यांचा विचार साधा होता : मुलाने अक्षरे प्रथम आपल्या भाषेत शिकावीत, आणि ती त्याला त्याच्याच समाजातील माणसाने शिकवावीत. परंतु गोंडीत पाठ्यपुस्तक नव्हते आणि शिक्षक होऊ शकेल असा शिकलेला गोंडही जवळजवळ नव्हता. ज्या थोड्या तरुणांना लिहितावाचता येत होते त्यांचे ते ज्ञान मराठीचे होते, कारण त्या डोंगराळ भागात व्यवहाराची भाषा बहुतांशी मराठी होती. म्हणून गोंडीची प्राथमिक पुस्तके देवनागरीत छापली गेली. आपल्या बाराखडीच्या वाटेने गोंडीने प्रथमच शाळेत प्रवेश केला, असे म्हणावयास हरकत नाही. ह्या केंद्रातून तयार झालेले तरुण गावोगाव शिक्षक झाले, काही सरकारी नोकरीत शिरले. गोंडी जाणणे ही पगाराची गोष्ट ठरू शकते, हा अनुभव गोंडांना पूर्वी कधीच आलेला नव्हता.

ह्याच काळात एका मराठी माणसानेही ह्या भाषेची सेवा केली. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांना महाराष्ट्र ओळखतो तो मराठ्यांच्या व मोगलांच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून. परंतु हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना त्यांनी आदिलाबादच्या आदिवासींत काम केले, त्यांच्या भाषा शिकून घेतल्या, गोंडांवर ग्रंथ लिहिला आणि गोंडी व कोलामी यांची व्याकरणे सिद्ध केली. अधिकाऱ्याने रयतेची भाषा दुभाष्यावाचून समजून घ्यावी, ही अपेक्षा आपण अनेकदा बोलून दाखवितो. ती पुरी करणारी माणसे मात्र थोडी असतात. पगडी यांच्या चरित्रातील हा भाग महाराष्ट्रात असावा तितका परिचित नाही.

मार्लवाईचा हा प्रयोग पुढे टिकला नाही. १९५६ नंतर राज्याची भाषा तेलुगू झाली आणि शाळांचीही तीच झाली. देवनागरीतील गोंडी पुस्तके बाजूस पडली. सीमेच्या अलीकडे, किनवट-राजुऱ्याकडे, गोंड मुलांना मराठी शाळा मिळाली. एकाच सगातील दोन भावांची मुले दोन निराळ्या लिप्यांत शिकू लागली आणि दोन्हीकडे गोंडी वर्गाच्या बाहेर राहिली. येथे एक विलक्षण योगायोग असा की, ज्या १९५६ मध्ये ही विभागणी झाली, त्याच वर्षी राज्यघटनेत ३५० क हे कलम घालण्यात आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून राज्यांनी पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न करावा, असे हे कलम सांगते. मोठ्या भाषांनी ह्या कलमाचा आधार घेतला. गोंडीचे स्वतःचे राज्य कोठेच नव्हते. त्यामुळे तिच्या वतीने तो मागणारा आवाजही फार दिवस उठला नाही. पुढे २००४ च्या सुमारास आंध्र प्रदेशात काही आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम हाती घेण्यात आला, त्यात गोंडी व कोलामी यांचा समावेश होता. ह्या वेळी त्यांची लिपी तेलुगू होती.

इतके झाल्यावर इतिहासाने एक अनपेक्षित वळण घेतले. गोंडीला स्वतःची लिपी नाही, असे सर्वजण धरून चालले होते. मध्य प्रदेशातील बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये एक लिपी तयार केली होती, परंतु ती अर्वाचीन होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आदिलाबाद जिल्ह्यातील नारनूर मंडलामधल्या गुंजाला ह्या गावी काही जुनी हस्तलिखिते अभ्यासकांच्या पाहण्यात आली. जयधीर तिरुमलराव यांनी त्यांच्या अभ्यासात पुढाकार घेतला. पोथ्या गोंडीत होत्या. मात्र त्यांची लिपी देवनागरी नव्हती, तेलुगू नव्हती आणि मसरामांचीही नव्हती. तिचा वर्णक्रमसुद्धा आपल्या ‘क ख ग घ’सारखा नाही, व्यंजने ‘य’पासून सुरू होतात, मग ‘व’, ‘ब’ अशी पुढे जातात. ह्या पोथ्यांचा काळ १७५० च्या सुमाराचा असावा असा एक अंदाज आहे. गावातील मोजक्या वृद्धांनाच त्या वाचता येत होत्या. ते वृद्ध आणखी थोड्या वर्षांनी गेले असते, तर पोथ्या राहिल्या असत्या आणि वाचणारा राहिला नसता. वेळ साधली गेली. गुंजाला येथे तरुणांना ती लिपी शिकविण्याचे वर्ग भरू लागले, आणि २०१८ मध्ये जगातील सर्व लिप्यांच्या संगणकीय कोशात, म्हणजे युनिकोडमध्ये, ‘गुंजाला गोंडी’ ह्या नावाने तिचा समावेश झाला. मसराम यांच्या लिपीला तेथे एक वर्ष आधी स्थान मिळालेले होते.

लिपी सापडल्याचा आनंद रास्त आहे. परंतु लिपीने भाषा वाचते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आपणास दूरच्या एका देशाकडे वळावे लागते, कारण हा प्रयोग तेथे दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागात चेरोकी नावाचे मूळनिवासी लोक राहत. त्यांच्यातील सिक्वोया ह्या चांदीच्या कारागिराला इंग्रजी वाचता येत नव्हते. परंतु गोरे लोक कागदावरील खुणांनी दूरच्या माणसाशी बोलतात हे त्याने पाहिले होते. अनेक वर्षे खपून १८२१ मध्ये त्याने आपल्या भाषेसाठी अक्षरमाला पुरी केली. एकेका अक्षराने एकेक उच्चार दाखविणारी ही अक्षरे आज ८५ आहेत. लोकांना ही जादू वाटली, तेव्हा त्याने आपल्या लहान मुलीला ती शिकविली आणि तिच्याकडून वाचून दाखवून त्यांची खात्री पटविली, असे सांगतात. थोड्याच वर्षांत हजारो लोक साक्षर झाले. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी चेरोकी व इंग्रजी अशा दोन भाषांतील त्यांचे वृत्तपत्र निघाले. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ चे. त्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

लिपी होती, छापखाना होता, वृत्तपत्र होते. तरीही १८३८-३९ मध्ये चेरोकींना त्यांच्या भूमीवरून सक्तीने हुसकावून पश्चिमेकडे नेण्यात आले. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजार माणसे ह्या प्रवासात व त्याच्या छावण्यांत दगावली, असा अंदाज आहे. नव्या भूमीत त्यांनी पुन्हा शाळा व छापखाना उभारला. पुढे अमेरिकन सरकारने त्यांची स्वायत्त सत्ता मोडून काढली, त्यांच्या शाळा त्यांच्या हातून गेल्या, आणि वसतिगृहाच्या शाळांतून मातृभाषेत बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. शिक्षा झालेल्या त्या मुलांनी मोठेपणी आपल्या मुलांशी चेरोकीत बोलणे टाळले. २०१९ मध्ये चेरोकींच्या तिन्ही शासनांनी आपल्या भाषेच्या बाबतीत आणीबाणी जाहीर केली. त्या वेळी चेरोकी ही ज्यांची पहिली भाषा आहे अशी माणसे दोन हजारांच्या आसपास उरली होती, आणि त्यांतील बहुतेक साठीच्या पुढची होती.

परंतु चेरोकींनी हात टेकले नाहीत, आणि त्यांचा उपाय आपल्याला परधानाची आठवण करून देणारा आहे. २००१ पासून त्यांनी लहान मुलांसाठी संपूर्ण चेरोकी वातावरणाचे वर्ग सुरू केले. मुले शिकू लागली तेव्हा शिकविणारे अपुरे पडू लागले. म्हणून २०१४ पासून प्रौढांसाठी असा कार्यक्रम आखला की, निवडलेल्या माणसाने दोन वर्षे दुसरे काही न करता जाणत्या वृद्धांच्या सहवासात केवळ भाषा शिकावी, आणि ह्या काळात त्याला निर्वाहवेतन मिळावे. भाषा शिकणे हेच त्याचे काम. कागदावरची अक्षरे, छापखाना आणि संगणक हे सर्व हाताशी असलेल्या समाजाला अखेर हे उमगले की, जाणता, शिकणारा आणि त्या दोघांचा भार उचलणारा, अशी व्यवस्था असल्यावाचून भाषा पुढच्या पिढीत जात नाही. आदिलाबादच्या डोंगरात अशी व्यवस्था शतकानुशतके नांदत होती. फक्त तेथील निर्वाहवेतन धान्याच्या आणि जनावरांच्या रूपाने मिळत असे.

आता पुन्हा आदिलाबादला येऊ. तेथील चित्र निव्वळ निराशेचे नाही. पौष अमावास्येला इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळातील लोक त्याआधी अनवाणी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी व वडीलधाऱ्यांशी भेट घडविण्याचा विधी ह्याच जत्रेत होतो. त्यानंतरच त्या कुळाच्या पूजेत अधिकाराने भाग घेतात. ज्या विधीवाचून सून पुरती घरची होत नाही, त्या विधीची भाषा विसरणे सोपे नसते. दिवाळीच्या दिवसांत मोरपिसांचा भव्य मुकुट घालून गुस्साडी नर्तक दंडारीच्या मेळ्यांसह गावोगाव जातात. ह्या नृत्याचे मार्लवाईचे गुरू कनकराजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांनी अनेक तरुणांना नृत्य शिकविले, आणि गुरू गेला तरी नृत्य थांबले नाही, हेच त्यांचे खरे यश म्हटले पाहिजे.

गोंडीच्या पुढे दुसरी अडचण आहे ती तिच्या विस्ताराची. सहा-सात राज्यांत पसरलेल्या ह्या भाषेच्या बोली इतक्या भिन्न आहेत की, आदिलाबादच्या गोंडाला मंडल्याच्या गोंडाचे बोलणे सहज उमगत नाही. लिप्याही चार : देवनागरी, तेलुगू, मसराम यांची आणि गुंजालाची. निरनिराळ्या राज्यांतील गोंड प्रतिनिधींनी एकत्र बसून सर्वांना चालेल असा एक शब्दकोश तयार केला. तो २०१८ मध्ये पुरा झाला. संथाळी व बोडो ह्या भाषांना ९२ व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. गोंडीसाठीही ती मागणी होत आहे. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या बळावर सुरू केली. सरकारी मान्यतेच्या प्रश्नावरून ती अडचणीत आली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. ज्या समाजाला शाळा नको असते असे आपण समजत होतो, तोच समाज आपली शाळा चालू ठेवण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढतो, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

ह्या सर्व इतिहासाचा मराठी माणसाशी संबंध काय? तो असा की, ह्या कथेच्या प्रत्येक वळणावर मराठी उभी आहे. परधानाच्या घरात ती आहे, मार्लवाईच्या पहिल्या पाठात ती आहे, सेतुमाधवरावांच्या रूपाने व्याकरणकाराच्या लेखणीत ती आहे. आणि विदर्भातील ज्या असंख्य गोंड घरांतून गोंडी निघून गेली, त्या घरांत तिची जागा घेणारी भाषाही मराठीच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण आनंदोत्सव केला. तो करण्याचा आपला अधिकार निर्विवाद आहे. परंतु मोठ्या भाषेने शेजारच्या लहान भाषेशी कसे वागावे हाही अभिजाततेचाच प्रश्न आहे. इंग्रजीच्या वर्चस्वाने मराठीची जी कुचंबणा होते तिची तक्रार आपण करतो. किनवट, राजुरा, जिवती, एटापल्ली येथील गोंड मूल तीच तक्रार मराठीविषयी करू शकेल.

करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते फार खर्चाचे नाही. गोंड वस्तीच्या शाळेत पहिली दोन वर्षे गोंडी जाणणारा शिक्षक असावा, आणि गोंडी येणे ही त्याच्या नेमणुकीच्या वेळी गुणांत धरली जाणारी पात्रता असावी. जे परधान व तोटी वृद्ध अद्याप संपूर्ण कथा सांगू शकतात, त्यांना महोत्सवाच्या मंचावर दहा मिनिटे उभे करून शाल देण्यापेक्षा त्यांच्यापाशी दोन-दोन शिष्य ठेवावेत आणि गुरू-शिष्य दोघांनाही वेतन द्यावे. त्यांच्या कथांचे संपूर्ण ध्वनिमुद्रण व्हावे, आणि ते ध्वनिमुद्रण कपाटात न ठेवता त्यांच्याच गावांत ऐकविले जावे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शिक्षकांनी वर्षातून एकदा एकत्र बसावे, म्हणजे एकाच सगातील मुलांची पुस्तके निदान एकमेकांना वाचता येतील. आणि वनहक्काचे जे दावे कचेऱ्यांत पडून आहेत त्यांचा निकाल लवकर लागावा, कारण शेत असलेल्या यजमानाच्याच अंगणात किंगरी वाजते.

गुंजालाच्या वृद्धांनी त्या पोथ्या जपून ठेवल्या तेव्हा त्या कधी काळी विद्वानांच्या हाती पडतील असे त्यांना वाटले नसेल. आपल्यामागे कोणीतरी त्या वाचील, एवढीच त्यांची अपेक्षा असावी. ती पुरी होण्यास आज लिपी आहे, छपाई आहे, ध्वनिमुद्रणाची साधने आहेत. उणीव आहे ती संध्याकाळी अंगणात बसून नातवाशी गोंडीत बोलणाऱ्या आजोबाची आणि त्याला गोंडीतच उत्तर देणाऱ्या नातवाची. ते उत्तर देण्यात नातवाचे काही नुकसान होत नाही, उलट त्याचे भलेच होते, असा दिवस शाळेने, सरकारने आणि आपल्यासारख्या शेजाऱ्यांनी त्याला दाखविला पाहिजे.